बाण काढत येणारी

एकेचाळीस, मी मोजते.
लोकर कातरायच्या शेडसमोर, गवतावर दहिवर अजून कडक,
एकेक इंजिन खोकत उठतं
आणि ओटागोची ही बोडकी टेकडी
पाठ खाजवून घेतल्यासारखी जागी होते.

ऑर्मंडने काल मेंढ्या खालच्या रानात नेल्या,
फाटकं उघडून त्यांना दगड लावले.
खोऱ्यातल्या शाळेला नवं छप्पर हवंय,
म्हणून माणशी चाळीस डॉलर,
आणि पोरांच्या आया सकाळपासून
लोखंडी पत्र्यावर सॉसेज आणि कांदा परततायत.

माझं काम शेवटी राहायचं.
सगळे गेले की निघायचं,
पडलेल्याला उठवायचं, चुकलेल्याला हाक मारायची
आणि वाटेवरचे नारिंगी बाण
उपटून पाठीवरच्या पिशवीत टाकायचे.
माझ्या पुढे वाट असते.
मागे नुसती टेकडी.

लोक म्हणतात, शेवटच्याला धूळ खावी लागते.
खातेच की.
पण चिखलात काय काय लिहून ठेवलंय
ते मीच वाचते.
इथे डेसमंडने ब्रेक उशिरा दाबला.
इथे टेवीची धाकटी घाबरली:
चाकाच्या दोन्ही बाजूंना बुटांचे ओरखडे, पार उतारभर.
आणि इथे कुणीतरी उगाचच उडालं,
माग तुटतो
आणि तीन हातांवर पुन्हा सुरू होतो,
मधली माती कोरी.

ओढ्यापाशी लिन्झी.
वय शहात्तर. मोटरसायकल उलटी, चाकं आभाळाकडे,
सायलेन्सरमधून पाणी येतंय
किटलीतून ओतावं तसं.
"लागलं का?"
"गाडी पाणी प्यायली. मी नाही."
प्लग काढून तो सदऱ्याच्या टोकाने पुसत होता,
पुसून झाला तरी पुसत होता.
हात थरथरताहेत हे मी पाहिलं
आणि मानुकाच्या झुडपांकडे बघत बसले,
तिथे बघण्यासारखं काही नसताना.

"याच ओढ्यात," तो म्हणाला,
"मी फ्लोराला पाडलं होतं. मागे बसली होती.
घरापर्यंत चालत गेली, माझ्याशी एक शब्द न बोलता.
जूनमध्ये लग्न केलं आम्ही."
मग प्लग बसवला.
मी किक मारली, त्याने मारली, मी मारली.
अकराव्या किकला गाडीने
एक ढेकर दिली, पांढरा धूर सोडला
आणि चालू झाली, काही झालंच नाही अशा थाटात.

हेल्मेट घालता घालता म्हणाला,
हेल्मेटच्या आतून, म्हणजे जवळजवळ स्वतःशीच:
"पुढल्या वर्षी मी फाटकावर बसेन.
पैसे घ्यायला कुणीतरी लागतंच."
इंजिनाचा आवाज होता.
मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

ओढ्याकाठचा बाण उपटायला वाकले
तर म्हणाला, "तेवढा राहू दे."
"नाही ठेवता येत. मेंढ्या प्लास्टिक चघळतात."
"माहीत आहे. नियम मीच केला होता."
थोडा वेळ दोघंही त्या बाणाकडे बघत राहिलो.
मग मी तो उपटला
आणि पिशवीत न टाकता त्याच्या हातात दिला.

त्याने जॅकेटच्या कॉलरमध्ये खोचला, मानेमागे.
आणि निघाला.
उरलेली सगळी वाट माझ्या पुढे
एक नारिंगी बाण हलत होता,
वळणावर भलतीकडे बोट दाखवणारा,
चढावर नुसतं आभाळ,
उतारावर पुन्हा माझ्याकडे.
मी मात्र चाकाच्या मागावरून गेले.

शेडपाशी कांदा करपला होता, पाव संपला होता.
एकेचाळीस, मी मोजले. एकेचाळीस भरले.
खजिनदार मोराग वही घेऊन आली:
"बाण एकशे बारा नेले होते. एकशे अकरा आहेत."

कोपऱ्यात लिन्झी बूट काढत होता,
पाण्याने जड झालेले,
मान न वळवता.

"मेंढीने खाल्ला," मी म्हटलं,
आणि तिने तसंच लिहून घेतलं.